बिनकाट्याचा दाणा

फोटो क्रमांक अकरा. पाटावर बसलेली साडेतीन वर्षांची मुलगी. काळं परकर-पोलकं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार. मांडीत बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे. उजव्या तळहातावर एक पांढरा दाणा. तोंड घट्ट मिटलेलं. मुलगी सरळ आपल्याकडे बघतेय.

•

वरवंट्याला साखर चिकटली होती. साखरेला रक्त. रक्ताला एक नख.

•

पाली, १९५१. बाप आठ दिवसांनी दर्यावरून आला आणि सात वर्षांच्या पोराच्या तोंडात त्याने कोळंबी कोंबली. आई किंचाळली, "त्याला सोसत न्हाय!" बाप हसला. "कोल्याचा पोर हाय. सोसत न्हाय म्हंजे?"

•

फ्रिजवर चिकटवलेला कागद, निळी शाई:
दाण्याचं कूट घरात आणायचं नाही. उपवासालाही नाही.
घाण्याचं तेल नाही.
पाहुण्यांनी आणलेला खाऊ आधी माझ्याकडे.
स्टीलची डबी कपाटावर डावीकडे. सुई मांडीत, बाहेरच्या बाजूने. घाबरायचं नंतर.
पिंकी, आईची मान हलली तरच खायचं.

•

"विमलाबाई, हलवा फक्त तिळाचा. दाणे अजिबात नकोत. जिवाशी गाठ आहे. – सुरुची"

•

एक तुकडा सोडला, तर सगळे जानेवारी १९९५ मधले. आणि तो एक नसता, तर बाकीच्यांचा अर्थ कोणाला लागला नसता.

करंगळी

रविवार, बावीस जानेवारी. भाईंदर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर पिंकीचं बोरन्हाण होतं. संक्रांतीनंतर लहान मुलांना करतात तसंच: डोक्यावरून बोरं, हलवा, चुरमुरे मापाने ओतायचे आणि गोळा झालेल्या पोरांनी ते लुटायचे. या घरात मापात भुईमुगाच्या शेंगा घातल्या नव्हत्या. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी पिंकीचा गळा सुजून बंद व्हायचा.

सहाला दहा कमी असताना तिचा वरचा ओठ फुगला. मग डोळे. मग तिने स्वतःचाच गळा नखांनी ओरबाडायला सुरुवात केली. आई सुरुची आत निरांजन लावत होती. ती धावत आली, स्टीलची डबी उघडली, औषधाची कुपी फोडताना स्वतःचा अंगठा कापून घेतला आणि पोरीच्या मांडीत सुई खुपसली. मग निळ्या पडत चाललेल्या मुलीला उचलून ती तीन जिने उतरली. कोणाशी एक शब्द बोलली नाही.

तिचा नवरा जितेंद्र तिच्यामागे दवाखान्यात गेला नाही. इमारतीतल्या दोघांना घेऊन तो गोडदेवला गेला. तिथे एका खोलीत विमलाबाई राहायच्या, वय बासष्ट, विधवा, गिरगाव सोडून आलेल्या. हलव्याचे दागिने करायच्या. दोघांनी त्यांचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला. जितेंद्रने त्यांच्याच पाट्यावरचा वरवंटा उचलला.

करंगळी पहिल्या घावात गेली. अनामिका, मधलं बोट, तर्जनी. अंगठा निसटला, कारण तोवर शेजारची माणसं धावली होती.

"बाप आहे तो," सोमवारी सकाळी पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले. "पोरगी मरायला टेकली, तर बाप काय आरती ओवाळणार? म्हातारीने दाण्याचा हलवा दिला, चूक तिची. पंढरीनाथ, दोघांची समजूत घाला आणि मिटवा."

हवालदार पंढरीनाथ किनाऱ्यावरच्या पालीचा. वय एक्कावन्न, जातीचा कोळी, आणि ठाण्यात त्याच्यावर एक जुना विनोद होता: कोळी असून डब्यात दोडका.

"पोरगी कशी हाय, साहेब?"

"वाचली. उद्या चारला घरी जाईल."

पंढरीनाथने टोपी घातली. उद्या चारला. कोणत्या घरी?

अनामिका

त्याने आधी सुरुचीकडून बोरन्हाणाचा केर मागून घेतला. रात्री कपडे न्यायला घरी आली तेव्हा तो केर तिने टाकला नव्हता, वर्तमानपत्रात बांधून ठेवला होता. तो पुडा घेऊन तो विमलाबाईंच्या खोलीत, त्यांच्या खाटेशी बसला. त्यांचा हात कोपरापर्यंत पांढरा होता आणि पट्टीच्या टोकाला तांबडं उमटलं होतं.

"काय ओरडला तो आत येताना?"

"'हलव्यात दाणा घातलास, थेरडे.' दोनदा म्हणाला. मी म्हटलं, बाबा, तिळाचाच आहे, बाईंनी चिठ्ठी दिली होती. तोवर हात धरला होता."

"तुमच्याकडनं चूक झाली असेल?"

विमलाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने नजर खाली घातली.

"हवालदार, चाळीस वर्षं या बोटांनी हलवा केला. मंद शेगडी, परात, तीळ, आणि चमच्याने पाकाचा थेंब. मग बोटांनी फिरवत राहायचं. सात दिवस. बोटांची कातडी इतकी भाजली की रेषाच गेल्या. रेशन कार्डावर अंगठा उठवताना कारकून वैतागतो. काटा असा येतो. घाई केली की काटा बसतो." त्यांनी श्वास घेतला. "आता काय. उघडा तो पुडा."

त्याने बोरं बाजूला केली, चुरमुरे फुंकून उडवले. पांढरे हलव्याचे दाणे उरले, साठ-सत्तर. विमलाबाईंनी डाव्या हाताने एकेक उचलून जिभेवर ठेवला आणि काढला. जिभेवरच का, हे त्याने विचारलं नाही. काटा चाचपणारी उजवी बोटं आता राहिली नव्हती.

"माझा. माझा. हाही माझा." मग त्या थांबल्या. जिभेवरचा दाणा त्यांनी त्याच्या तळहातावर थुंकला. टपोरा, पांढरा, गोटीसारखा गुळगुळीत. "हा मशिनीतला. काटाच नाही याला."

असे चार निघाले. पंढरीनाथने कोनाड्यातला अडकित्ता घेतला आणि पहिला फोडला.

आत भाजका शेंगदाणा. चारही दाण्यांत.

स्टेशनाबाहेरच्या चार दुकानांत मशिनीचा हलवा मिळतो, अर्धं भाईंदर तोच खातं. कोणी घेतला हे विचारण्यात अर्थ नव्हता. पण तो त्या घरात चालत आला नव्हता.

"म्हणजे घरातलंच कोणीतरी," विमलाबाई म्हणाल्या. मग हळूच, "पोरगी उद्या तिथेच जाणार ना?"

मधलं बोट

शेजारच्या हंसाबेनने दार उघडताच रडायला सुरुवात केली.

"साहेब, मेरे को पता छे, सगळे काय बोलतात. चुरमुरे मी आणले. पण भट्टीवरचे नाय हां! सुरुचीने सांगितला होता, भडभुंजा एकच रेतीमध्ये शिंग, तुमचा शेंगदाणा, पण भुंजे, चुरमुरा पण भुंजे. मी पॅकेटवाला आणला. पॅकेट जोवानुं छे? दाखवू?"

"नको. पिंकीला कधी काही खायला दिलंत?"

"दो साल देती हूं, साहेब! बिस्कुट, केळा, काय पण. छोकरी हात मागे घेते आणि मम्मीला बघते. मम्मी असा मान हलवे तो ज खाय. मैं तो मजाक करती, अरे आ तो पोलीसवाळी छे!" ती हसली आणि लगेच पदराने तोंड दाबलं.

"आधी कधी सुजलेली बघितलीत?"

"गेल्या वर्षी. सासूबाईने चिक्कीचा तुकडा दिला होता. मी ज उचलून दवाखान्यात पळाली. असा डोळा. असा ओठ. आता मारा घरमां पण शिंग नथी. माझा मिस्टर बोलतो, पोरगी त्यांची, उपास आपल्याला!"

"जितेंद्र तेव्हा कुठे होते?"

"ऑफिस. तो आठ वाजता आला. तोपर्यंत सोजा उतरला होता, छोकरी रमत होती."

सासू शालूबाई देवापुढे बसल्या होत्या. बोरन्हाणाचं माप त्यांनीच ओतलं होतं, आणि सुनेशी त्यांचं पटत नाही हे तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक होतं.

"करा मला अटक," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या मनात तेच आहे. चिक्की दिली होती ना मी."

"का दिलीत?"

"सून थेरं करते असं वाटलं म्हणून! लालबागला आमच्या चाळीत पंचवीस पोरं, एकाला दाणे बाधले नाहीत. एवढासा तुकडा दिला." त्यांनी नखावर माप दाखवलं. "मग तिचा चेहरा बघितला. माझ्या मांडीवर निळी पडली ती, हवालदार. त्या दिवसापासून एकादशीला मी नुसतं दूध पिते. साबुदाण्यात कूट नको म्हणून साबुदाणाच सोडला. आणि मी परत घालीन?"

पंढरीनाथच्या बापाने १९५१ नंतर मरेपर्यंत कोळंबी खाल्ली नव्हती. जाळ्यात यायची, विकायचा. घरात आणायचा नाही. ज्याने एकदा ते डोळ्यांनी बघितलं, तो परत घालत नाही.

मग प्रश्न एवढाच होता: या घरात ते कोणी बघितलं नव्हतं?

"माप ओतताना पिंकी काही खात होती का?"

"छे. पोरं लुटालूट करत होती, ही मुकाट बसली होती, तोंड मिटून. शहाणी आहे." शालूबाईंचा आवाज फुटला. "मी माप खाली ठेवायला वळले. एवढंच."

तर्जनी

दवाखान्यात सुरुची मुलीच्या पायाशी स्टुलावर बसली होती. पिंकी झोपली होती, गळ्यावर स्वतःच्याच नखांचे ओरखडे.

"तुम्हाला आधी कशाचा संशय आला?"

"चुरमुऱ्यांचा. भट्टीचे निघाले की काय, असं वाटलं."

"हलव्याचा न्हाय?"

"नाही हो. विमलाबाईंनी माझ्यासमोर परात चिंचेने घासली होती. डॉक्टरांनीही काल चुरमुरेच म्हटलं." ती थांबली. "त्यांची बोटं खरंच चारही?"

"चारही. बाई, ही पोर कोणाच्या हातचं खाते?"

"कोणाच्याच नाही. माझी मान हलल्याशिवाय."

"तुम्ही आत होतात."

"हो."

"मग तुम्ही आत असताना ती कोणाकडं बघते?"

सुरुचीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मग तिने पिंकीच्या पायावरची चादर नीट केली. ती नीटच होती. पंढरीनाथने प्रश्न परत विचारला नाही.

फोटो जितेंद्रने काढले होते, पण कॅमेरा हंसाबेनच्या दिराचा, ईश्वरचा. गोंधळात तो पाटाजवळच पडला होता. ईश्वरने उचलला आणि आपल्या जत्रेचे फोटो त्याच रोलमध्ये आहेत म्हणून सोमवारीच धुवायला टाकला. मंगळवारी दुपारी स्टुडिओवाल्याने पाकीट पंढरीनाथच्या हातात दिलं.

जत्रेचे तीन. बोरन्हाणाचे दहा, नंबर चार ते तेरा.

पाट, रांगोळी, हळदीकुंकू, बायका, माप. चार ते दहा, सात फोटोंत अख्खा समारंभ. अकरा: पिंकी, तळहातावर दाणा, तोंड मिटलेलं. बारा: हात तोंडाशी. तेरा: गाल फुगलेला, हसतेय.

"क्यूट आहे, नाही?" स्टुडिओवाला म्हणाला. "काय सरळ बघते कॅमेऱ्यात!"

पंढरीनाथने अकरा नंबर उजेडात धरला. त्या तळहातावरच्या दाण्याला काटा नव्हता.

"कॅमेऱ्यात न्हाय बघत ती," तो म्हणाला.

तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

अंगठा

जितेंद्र वेळेच्या आधीच आला होता. रिक्षा दाराशी थांबवलेली. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर सुकलेली खपली. पिंकी खाटेवर उठून बसली होती. सुरुची पिशवी भरत होती.

"चला, आटपलं का? आई वाट बघतेय."

"एक मिनिट," पंढरीनाथ दारात उभा राहिला. "म्हातारीबद्दल विचारायचंय."

"केली ना मी तक्रार! तिला आत टाका. माझ्या पोरीला मारत होती ती."

"तुम्हाला कसं कळलं, हलव्यातच होता?"

"म्हणजे?"

"मापात बोरं होती, ऊस होता, चुरमुरे होते. डॉक्टर म्हणाले चुरमुरे. तुमची बायको म्हणाली चुरमुरे. केरातले दाणे तर सोमवारी फोडले. तुम्ही रविवारी सहालाच गोडदेवला जाऊन 'हलव्यात दाणा घातलास' म्हणालात."

जितेंद्र हसला. "हलव्याला दाणाच म्हणतात, हवालदार. दाणा, दाणा. मराठी येतं ना कोळीवाड्यात?"

"येतं. म्हणून तर विचारतोय. हलव्याचा दाणा म्हणता, ठीक. पण 'घातलास' म्हणालात. दाण्यात दाणा कसा घालतात?"

सुरुचीचा हात पिशवीत थांबला.

पंढरीनाथने तीन फोटो खाटेच्या लोखंडी कठड्यावर ओळीने ठेवले. शेजारी चार गुळगुळीत दाणे, फोडलेले.

"हे तिच्या हातचे न्हाईत. तिच्या हलव्याला काटा असतो. तुम्ही दुकानातून आणलात तेव्हा काटा बघितला न्हाईत, कारण घरातला हलवा कधी नीट बघितलाच नव्हता. अख्ख्या बोरन्हाणाचे सात फोटो, आणि एका दाण्याचे तीन? हातावर. तोंडाशी. खाताना. चौदावा का काढला न्हाईत?"

"कॅमेरा माझ्या हातात होता, पोरगी कॅमेऱ्याकडे बघणारच!"

"ही पोर खायच्या आधी कॅमेऱ्याकडं बघत न्हाय. मान कोणाची हलते ते बघते. कॅमेऱ्याच्या मागची मान हलली."

पिंकीने फोटोकडे बोट दाखवलं. "बाबा दिला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सगळा मी खाल्ला."

"एक!" जितेंद्र एकदम ओरडला. "एकच दिला, बाकीचे गोंधळात सांडले! साडेतीन वर्षं चाललंय. गावी जायचं नाही, लग्नाला जायचं नाही, माझ्या आईने पोरीला घास भरवायचा नाही. ऑफिसात डबा उघडला की लोक हसतात, याच्या घरी शेंगदाण्याला बंदी! मी खिसे भरून दाणे खाऊन मोठा झालो. कोण मरतं दाण्याने? आई म्हणायची सुजली, ही म्हणायची सुजली, मी घरी यायचो तेव्हा पोरगी नाचत असायची! म्हटलं फोटो काढतो. खाल्ला, हसली, काही झालं नाही. हिच्या तोंडावर फेकणार होतो ते फोटो. संपलं असतं सगळं."

"आणि मग?"

"मग तिचा ओठ... मला काहीतरी फोडायचं होतं."

"म्हातारीची बोटं."

"चूक झाली. काय द्यायचं ते देतो. घरचा मामला आहे." त्याने हात पुढे केला. "पिंके, चल. रिक्षा बघितलीस का? चल, बाबाकडे ये."

पिंकी उठली नाही. तिने आईकडे बघितलं.

सुरुचीची मान हलली नाही.

"ये म्हणतो ना!" त्याने मुलीचा दंड धरून ओढला. सुरुची मध्ये आली. त्याने तिला उलट्या हाताने हाणली. ती कठड्यावर आपटली, फोटो उडाले, तिच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. दुसऱ्यांदा त्याचा हात वर गेला तेव्हा तिच्या हातात सलाईनचा लोखंडी स्टँड होता. तिने तो दोन्ही हातांनी फिरवला. तो त्याच्या तोंडावर बसला. दात तुटल्याचा आवाज रिक्षावाल्यापर्यंत गेला. जितेंद्र गुडघ्यांवर बसला, तोंड धरून. बोटांच्या फटींतून तांबडं गळत होतं आणि वरचा ओठ बघता बघता फुगत होता, आधी एका बाजूने, मग सगळा.

पंढरीनाथला पुढे व्हायला क्षणभर उशीर झाला. तो उशीर त्याने डायरीत लिहिला नाही.

"बघ," सुरुची म्हणाली. स्टँड अजून तिच्या हातात होता. "असा सुजतो. आता बघितलास?"

पंढरीनाथने त्याला कॉलर धरून उभं केलं आणि त्याच रिक्षात घातलं. पिंकीने हळूच आईचा पदर ओढला. तिच्या मुठीत हंसाबेनने दिलेलं केळं होतं, सकाळपासूनचं, काळं पडलेलं. सुरुचीने डोळ्यातलं रक्त पुसलं, केळं वास घेऊन बघितलं, सोललं आणि मान हलवली.

पिंकी खाऊ लागली.

विमलाबाईंचा जबाब बुधवारी पुरा झाला. सही करायला बोटं नव्हती. त्यांनी अंगठा उठवला. कागदावर नुसता काळा डाग उमटला, त्यात एकही रेष नव्हती. साहेब म्हणाले, हा कोर्टात कोणाचाही म्हणता येईल. पंढरीनाथ म्हणाला, "न्हाय. असा अंगठा अख्ख्या भाईंदरमध्ये एकच हाय."

शनिवारी, बोरन्हाणाच्या आदल्या संध्याकाळी, सुरुचीने पिंकीला एक नवा नियम शिकवला होता: आई दिसली नाही, तर बाबांकडे बघायचं.